दुपारी अडीचची मालिश

एकतीस

सई जागी व्हायच्या आधी तिचे नाक जागे व्हायचे. पहिली शिंक अंथरुणातच, डोळे मिटलेले असताना. मग बाथरूममध्ये पाच-सहा, दुधाच्या कपावर दोन आणि बूट घालायला वाकली की सलग चार. ऑक्टोबरातल्या एका सकाळी, उठल्यापासून शाळेची बस येईपर्यंत, त्या एकतीस भरल्या.

मोजणे हा माझ्या पेशाचा भाग होता. दुबईतल्या एका इंग्रजी दैनिकात मी उपसंपादक होतो. मथळ्यातली अक्षरे, बातमीच्या ओळी, पानावरची जागा, सगळे मोजून चालायचे. शिंकांसाठीही मी एक वही केली: तारीख, शिंका, हवा, शेरा. रात्रपाळीमुळे सकाळी मी झोपलेला असायचो, त्यामुळे सकाळच्या शिंका माझी बायको नीलिमा मोजायची आणि फ्रिजवरच्या कागदावर रेघा मारून ऑफिसला जायची. मी दहाला उठून त्या वहीत उतरवायचो. नीलिमा बातमीदार, मी डेस्क.

दोन हजार एक सालची ही गोष्ट. सई आठ वर्षांची होती. दुबईच्या करामा भागातल्या एका जुन्या इमारतीत, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही सहा वर्षे राहत होतो. ज्या घरात असे एखादे नाक आहे, त्या घरासाठी हे लिहितो आहे. जे घडले तेवढेच लिहीन.

हातावरची बारा टिंबे

कान-नाक-घशाचे डॉक्टर सुदानी होते. उंच, सावकाश बोलणारे. त्यांनी सईच्या हातावर पेनाने बारा आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याजवळ एक थेंब ठेवला आणि सुईने हलकेच टोचले. पंधरा मिनिटे हात न खाजवता बसायचे होते.

"इट्स लाइक अ टेस्ट पेपर ऑन माय हॅण्ड," सई म्हणाली.

दहा टिंबे सपाट राहिली. घरातली धूळ आणि बुरशी, या दोन आकड्यांवर गांधी उठल्या. डॉक्टरांनी पट्टीने त्या मोजल्या. मोजणारा माणूस भेटला म्हणून मला बरे वाटले.

"नाकाची ॲलर्जी आहे," ते म्हणाले. "गंभीर नाही, चिवट आहे. स्प्रे देतो, तो रोज घ्यायचा. आणि घर बघा. गालिचा, पडदे, मऊ खेळणी. इन्शाल्ला, कमी होईल."

आजाराला नाव मिळाले की निम्मे ओझे उतरते, असे पुष्कळ लोक म्हणतात. आमचे उतरले नाही. बाहेर पडताना सईने विचारले, "सो व्हेन डझ इट फिनिश?" 

त्या आठवड्यात गालिचा गेला. पडदे गेले. कापसाचे अकरा प्राणी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर गेले आणि सईने पिशवीवर लिहिले, 'जेल'. शिंका एकतीसच्या अठ्ठावीस झाल्या.

सातारचा पुरावा

दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सातारला दादाकडे जायचो. दादा माझा थोरला भाऊ; आईही त्याच्याकडेच राहायची. तिथे आठवडाभरात सईचे नाक कोरडे व्हायचे. सप्टेंबरात दुबईला परतलो की पाच-सहा दिवसांत शिंका सुरू. वहीत दोन वर्षांच्या नोंदी होत्या: सातारा शून्य, दुबई पंचवीस ते एकतीस.

दादाने त्यातून निष्कर्ष काढला आणि मला तो खोडता येईना.

"वाळवंट तिला मानवत नाही, अवी," तो फोनवर म्हणाला. "पोरीचं नाक तिथं कुजवू नकोस. जूनपासून इकडे ठेव. तुझी वहिनी आहे, मी आहे. आम्हाला मूल नाही, घर मोठं आहे."

"विचार करतो."

"किती वर्षं विचार करतोस? कायमची नाही मागत मी तिला. दहावीपर्यंत."

दहावीपर्यंत म्हणजे आठ वर्षे. वर्षातून एक महिना धरला तर आठ महिने मुलगी आमच्याजवळ राहिली असती. हा हिशोब मी नीलिमाला सांगितला नाही. तिने तो आधीच केला होता.

दुसरा मजला, खिडकीजवळचा पलंग

नोव्हेंबरात सईचे सायनस चिघळले. डोळ्याखाली सूज, एकशे तीन ताप. सरकारी रुग्णालयात चार दिवस काढले.

तिथला दिवस ठरलेला होता. पहाटे पाचला थर्मामीटर, सहाला सलाइनची नवी बाटली, आठला डॉक्टरांचा ताफा, अकराला झाडणारा बांगलादेशी मामा. तो रोज ओल्या फडक्याने पलंगाखालून दोनदा पुसायचा. सई वरून विचारायची, "अंकल, एनी ट्रेझर?" आणि तो गंभीरपणे सांगायचा, "आज नहीं मिला, कल देखेगा." चौथ्या दिवशी त्याने पलंगाखालून एक चॉकलेट काढून दिले. आपणच ठेवले होते हे त्याने शेवटपर्यंत मान्य केले नाही.

भीती वाटली ती पहिल्या रात्री. डोळ्याची सूज आत गेली तर काय, हे डॉक्टरांनी सांगितले होते. नीलिमा आणि मी पलंगाच्या दोन बाजूंना बसलो होतो आणि एकमेकांशी बोलत नव्हतो. बोललो असतो तर भांडलो असतो. भांडणाचा विषय सातारा होता.

सूज उतरली. वहीत त्या चार दिवसांची नोंद आहे: शिंका शून्य, शून्य, शून्य, शून्य. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले, 'औषधाचा गुण.'

लिन मॅडम

चिनी मालिशची गोष्ट ऑफिसातल्या पाने लावणाऱ्या फिलिपिनो सहकारी बाईंनी सांगितली. त्यांचा मुलगाही शिंकणाऱ्यांपैकी. देरा भागात थर्मास आणि खेळण्यांच्या दुकानाच्या वर एक छोटे चिनी क्लिनिक होते. सुया नाहीत, औषध नाही, फक्त बोटे.

सुदानी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "बोटांनी नुकसान होणार नाही. स्प्रे बंद करायचा नाही, ही माझी अट."

लिन मॅडम पन्नाशीच्या, ठेंगण्या, केस आखूड कापलेले. दुबईत बारा वर्षे काढलेली. इंग्रजी मोडके आणि हिंदी भाजीबाजारात शिकलेली, पण अडत नव्हते. भिंतीवर लहान मुलाच्या तळहाताचे मोठे चित्र होते आणि त्यावर नदीसारख्या रेघा. एका बैठकीचे ऐंशी दिरहम.

"हजार रुपये," नीलिमा मराठीत पुटपुटली. "मालिशचे. सातारला आई ऐकतील तर चक्कर येईल त्यांना."

सई माझ्या मागे लपली होती. लिन मॅडमनी तिला ओढले नाही. त्यांनी मला स्टुलावर बसवले, तिळाच्या तेलात बोट बुडवले आणि माझ्या नाकपुड्यांच्या दोन्ही बाजूंना दाबून गोल फिरवले. मला खणखणीत शिंक आली.

सई हसली. इतकी हसली की तिला खोकला आला. "अगेन! डू बाबा अगेन!"

"पापा खलास," लिन मॅडम म्हणाल्या. "अब बेबी. यल्ला, चलो."

भुवयांच्या मधून केसांपर्यंत दोन्ही अंगठे आळीपाळीने वर न्यायचे. मग भुवयांवरून बाहेर. मग नाकाच्या कडा. मानेच्या मागे, केसांखालच्या दोन खळग्यांत दाब. हाताच्या अनामिकेचे पेर चोळायचे; ते फुप्फुसाचे, असे त्या म्हणाल्या. शेवटी मुलाला पालथे निजवून कमरेपासून मानेपर्यंत पाठीची कातडी चिमटीत धरत धरत वर जायचे. दर तीन चिमट्यांनंतर एकदा हलके उचलायचे. यातले किती शास्त्र आणि किती परंपरा, हे मला तेव्हा ठरवता आले नाही, आजही येत नाही.

दहा बैठका क्लिनिकात. पण खरे काम घरी होते. रोज, ठरलेल्या वेळी, आईने किंवा बापाने.

"मम्मी ऑफिस सहा बजे तक," नीलिमा म्हणाली.

"पापा?"

"साडेचारला जातो," मी म्हणालो.

"दो बजे बेबी स्कूल से घर. पापा घर." त्यांनी माझ्याकडे बोट केले. "पापा करेगा."

मी हात धुऊन सुरुवात केली. कपाळावर अंगठे फिरवू लागलो, मनात आकडा ठेवून. पन्नासपर्यंत पोचलो तोच त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली.

"टायपिंग नहीं, पापा. ये बेबी है. धीरे."

अडीच वाजता

या आठ वर्षांत सई आणि मी एका घरात राहत होतो, हे कागदोपत्री खरे होते. ती शाळेला जायची तेव्हा मी झोपलेला. मी घरी यायचो तेव्हा ती झोपलेली. दुपारी ती टीव्हीसमोर जेवायची आणि मी पेपर वाचत. शुक्रवारी सुटी, त्या दिवशी वाणसामान आणि पाहुणे.

आता रोज अडीचला ती तिच्या पलंगावर येऊन आडवी व्हायची आणि मी हात चोळून गरम करायचो. पंधरा मिनिटे. टीव्ही बंद, पेपर बाहेर. पहिल्या आठवड्यात दोघेही संकोचलेले. दुसऱ्या आठवड्यात ती बोलू लागली. डोळे मिटलेले असले की मुले खरे बोलतात.

प्रत्येक दाबाला तिने नाव दिले. कपाळ म्हणजे 'दार', भुवया म्हणजे 'वायपर', नाकाच्या कडा 'नळ' आणि पाठीवरचे चिमटे म्हणजे 'खेकडा'. खेकडा मानेपर्यंत पोचेतो ती श्वास रोखून धरायची आणि मग किंचाळायची.

"बाबा, यू नो रोहन? ही ईट्स इरेझर."

"पूर्ण?"

"ओन्ली द पिंक पार्ट. अँड मिस सेड मी सर्दी गर्ल. इन फ्रंट ऑफ एव्हरीबडी."

"मग तू काय केलंस?"

"आय स्नीझ्ड ऑन हर रजिस्टर."

"मुद्दाम?"

"हाफ मुद्दाम."

माझ्या मुलीची बातमी मला प्रथमच त्याच दिवशी मिळू लागली होती. सातारहून आईने फोनवर विचारले, "अरे, चिनी बाई कशाला? खोबरेल लावून मी चोळली असती की." आठ दिवसांनी तिनेच पुन्हा विचारले, "तो खेकडा नेमका कुठून सुरू करायचा रे? माझ्याही पाठीला आखडतं." सईने तिला फोनवरून इंग्रजीत शिकवले आणि आईने मराठीत शिकून घेतले. दादाच्या पाठीवर प्रयोग झाला. दादा ओरडला, असे कळले.

फेब्रुवारीअखेर नोंद अशी होती: सकाळच्या शिंका अठ्ठावीसवरून एकोणीस. झोप बरी. तोंडाने श्वास घेणे कमी. आणि मग आकडा तिथेच थांबला. एकोणीस, वीस, अठरा, एकोणीस. दोन आठवडे.

फ्रिजवरचा फॉर्म

सातारच्या शाळेचा प्रवेशअर्ज जानेवारीतच एका ओळखीच्या माणसाबरोबर आला होता. तो फ्रिजवर, शिंकांच्या कागदाशेजारी लावून ठेवला होता. दादाने मुख्याध्यापकांशी बोलून मार्चअखेरपर्यंत जागा धरून ठेवली होती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नीलिमाने तो काढून टेबलावर ठेवला आणि भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, मातृभाषा. 'मुलाचा आजार असल्यास' या ओळीपाशी ती थांबली.

"इथे काय लिहू?"

"तू खरंच पाठवणार आहेस?"

"मी पाठवणार?" तिने पेन खाली ठेवले. "वही तुझी आहे, अवी. सातारा शून्य, दुबई एकोणीस. तूच लिहिलंयस. मला दाखव एक तरी ओळ, जिच्यावर बोट ठेवून मी तिला इथे ठेवू."

मी वहीची पाने मागे-पुढे केली.

"नोव्हेंबरसारखं पुन्हा झालं तर?" ती म्हणाली. "डोळ्याला काही झालं तर? मला ती रोज दिसली पाहिजे म्हणून तिला आजारी ठेवायचं का?"

तिने त्या ओळीत 'नाकाची ॲलर्जी' असे लिहिले. खाली पालकांच्या सह्यांसाठी दोन जागा होत्या. एकीवर तिने सही केली. दुसरी माझी होती. मी म्हणालो, अजून दोन आठवडे आहेत. फॉर्म पुन्हा फ्रिजवर गेला.

दुसऱ्या दिवशी अडीचला सईने डोळे मिटूनच विचारले, "इन सातारा, हू विल डू खेकडा?"

"आजी करेल."

"आजीज हॅण्ड्स आर स्मॉल," ती म्हणाली.

शुक्रवारचे पोहे

आठवी बैठक झाल्यावर मी लिन मॅडमना वही दाखवली. आकडे कुठल्याही भाषेत सारखेच. त्यांनी एकोणीसच्या रांगेवरून बोट फिरवले. मग सईकडे पाहिले.

"इधर शिंक?" त्यांनी हा शब्द आमच्याकडून उचलला होता.

मी आठवून पाहिले. क्लिनिकात सई एकदाही शिंकली नव्हती.

"इधर नहीं. हॉस्पिटल नहीं. इंडिया नहीं." त्यांनी वही मिटली. "दुबई खराब नहीं, पापा. घर दिखाओ."

शुक्रवारी सकाळी त्या आल्या. नीलिमाने पोहे केले होते. लिन मॅडमनी पोह्यांतला प्रत्येक शेंगदाणा आधी वेचून खाल्ला, मग पोहे. स्वयंपाकघर पाहिले, न्याहाळून मान डोलावली. गालिचा नाही, पडदे नाहीत. तुरुंगातल्या अकरा प्राण्यांची माहिती सईने दिली.

"अब मालिश कैसे करता, दिखाओ."

सई पलंगावर पालथी झाली. तो पेटीचा पलंग होता. वर प्लायवूडची फळी, खाली सामान ठेवायला पोकळी. लिन मॅडम जवळून बघायला पलंगाच्या कडेवर बसल्या. फळी करकरली.

त्यांना शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी.

"ब्लेस यू, ब्लेस यू, ब्लेस यू," सई आनंदाने म्हणाली. दुसऱ्या कुणाला तरी शिंका येत आहेत, याचे तिला फार समाधान वाटले असावे.

लिन मॅडम उठल्या, जमिनीवर गुडघे टेकले आणि पलंगाच्या कडेने नाक फिरवत गेल्या, भिंतीपर्यंत. तिथे वर खिडकीचा एसी होता.

"नीचे क्या?"

"रद्दी," मी म्हणालो.

"रद्दी क्या?"

मी समजावून सांगितले. आमच्या देशात जुने पेपर टाकत नाहीत. ते साठवायचे. मग एक माणूस दारावर येतो, तराजूत घालतो आणि पैसे देऊन घेऊन जातो.

"अच्छा. यहाँ आता है वो आदमी?"

"नाही. यहाँ नहीं आता."

कार्टन गोळा करणारे सायकलवाले यायचे, पण ते पुठ्ठाच न्यायचे. हेही मी सांगितले.

"घर में कितना साल?"

"सहा. छह."

लिन मॅडमनी माझ्याकडे पाहिले, नीलिमाकडे पाहिले. "छह साल आदमी नहीं आया," त्या सावकाश म्हणाल्या, "और तुम छह साल उसके लिए रखता है?"

नीलिमाचे खांदे हलू लागले. ती भिंतीला टेकली, खाली बसली आणि पदराने डोळे पुसत हसत राहिली. पाच महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

फळीखाली

नीलिमा सईला शेजारी घेऊन गेली. मी तोंडाला रुमाल बांधून फळी उचलली.

रोज घरी माझा पेपर यायचा, दोन प्रतिस्पर्धी पेपर यायचे आणि मुंबईहून येणाऱ्या कुणाकुणाबरोबर मराठी साप्ताहिके. दर शुक्रवारी मी गठ्ठा सुतळीने बांधून पलंगात टाकायचो. कधी संदर्भ लागेल, हे माझे कारण. पण संदर्भासाठी मी एकही गठ्ठा कधी सोडला नव्हता. खरे कारण हे की छापलेला कागद आम्हाला टाकवत नाही. पाय लागला तर आम्ही नमस्कार करतो. माशाच्या काट्यांबरोबर तो कचऱ्याच्या पिशवीत कसा जाणार? नीलिमानेही सहा वर्षांत एक अंक टाकला नव्हता. गालिचा काढा म्हटल्यावर आम्ही गालिचा काढला, खेळणी काढा म्हटल्यावर खेळणी. रद्दी आमच्या लेखी सामानात नव्हतीच. ती जायच्या वाटेवर होती.

वरचे गठ्ठे नुसते धुळकट होते. भिंतीकडचे ओले होते. एसीचे पाणी भिंतीतून झिरपून पेटीत उतरत होते आणि तळाचे दोन थर काळेहिरवे होऊन एकजीव झाले होते. धूळ आणि बुरशी. हातावरची ती दोन टिंबे. सई सहा वर्षे त्यावर झोपत होती. गेले दोन महिने मी तिला रोज त्याच पलंगावर आडवी करून श्वास मोकळा व्हावा म्हणून मालिश करत होतो.

वहीतली प्रत्येक नोंद अचूक होती. सातारा, रुग्णालय, क्लिनिक. मथळा चुकला होता. तो मी दिला होता.

लिफ्टने चौदा फेऱ्या झाल्या. आमच्या इमारतीचा नातूर, म्हणजे रखवालदार, पेशावरचा होता. नवव्या फेरीला त्याने न राहवून विचारले, "साब, अखबार बंद कर दिया क्या?"

पहिला गठ्ठा कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकण्याआधी माझे हात आपोआप जुळले. नातूरने ते पाहिले आणि अदबीने नजर वळवली.

अठरा, नऊ, चार

पलंग गेला, लोखंडी खाट आली. एसी दुरुस्त झाला, भिंत खरवडून रंगवली. ते चार दिवस सई बाहेरच्या खोलीत झोपली. त्या आठवड्याच्या नोंदी: अठरा, चौदा, नऊ, नऊ, सहा, चार, चार.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नीलिमाच्या फ्रिजवरच्या कागदावर दोन रेघा होत्या. दुसरी खोडलेली होती. बाजूला तिने लिहिले होते, 'ही माझी.'

मी दादाला फोन केला. सगळे सांगितले. रद्दीपाशी पोचलो तेव्हा तो मोठ्याने हसला, मग हसणे संपले.

"म्हणजे ती येत नाही."

"सुटीत येईल. दरवर्षीसारखी."

"बरं झालं," दादा म्हणाला. "बरं झालं रे." मग म्हणाला, "तुझ्या वहिनीने वरची खोली पिवळी रंगवून घेतली होती. असू दे. सुटीत लागेलच." फोन ठेवता ठेवता म्हणाला, "रद्दीवाल्याला पाठवून देऊ का तिकडे?"

फॉर्म नीलिमाने फ्रिजवरून काढला. तो कागद छापील होता. तिने त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि चार तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकला. नमस्कार केला नाही.

सुदानी डॉक्टरांच्या मते सगळे श्रेय रद्दी गेल्याचे. लिन मॅडमच्या मते निम्मे निम्मे. हे सांगतानाही त्या हसत होत्या. अठ्ठावीसचे एकोणीस मालिशने झाले, थंडीत हवा बदलल्याने की स्प्रेमुळे, हे मला सांगता येणार नाही, म्हणून सांगत नाही. कुणी हे वाचून डॉक्टरांचे औषध बंद करू नये. एवढे मात्र नोंदवतो की त्या पलंगावर बाहेरचे माणूस येऊन बसले ते मालिशमुळे, आणि सईच्या खोलीत रोज पंधरा मिनिटे मी बसलो तेही मालिशमुळे. आपल्या घरात काय काय 'जायच्या वाटेवर' पडून आहे, ते एकदा फळी उचलून पाहावे.

शेवटची नोंद

मे महिन्यात लागोपाठ दहा दिवस शून्य आले. अकराव्या दिवशी अडीचला मी पेपर वाचत बसलो होतो. सई तेलाची बाटली घेऊन दारात उभी राहिली.

"बाबा, टू-थर्टी."

"आता गरज नाही, बेटा. नाक बरं झालं. लिन मॅडम काय म्हणाल्या? खलास."

तिने बाटली छातीशी धरली आणि थोडा विचार केला. मग मान मागे टाकली, डोळे घट्ट मिटले आणि शिंकली. शिंकेत शिंकेचे काहीच नव्हते. नाक कोरडे होते, आवाज तोंडातून आला होता आणि शेवटी तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिले.

मी पेपर बाजूला ठेवून हात धुतले. वही उघडून तारीख टाकली. शिंका: एक. शेरा: बनावट.

त्यानंतर वहीत काही लिहिलेले नाही. खेकडा त्या दिवशी तीनदा मानेपर्यंत गेला.